पल्याडचा दिवा

अंबूबाईला आपल्या थोरल्या दिराचे पाय चांगले ओळखीचे होते. उजवा अंगठा बाहेरच्या अंगाला वळलेला, टाचांना खोल भेगा आणि डाव्या वहाणेचा पट्टा कायम तारेनं बांधलेला. चेहरा मात्र तिनं पंचेचाळीस वर्षांत एकदाही नीट पाहिला नव्हता. थोरल्या दिरासमोर पदर पुढं ओढायचा, मान खाली घालायची आणि तोंडातून ब्र काढायचा नाही, ही त्या घरची रीत. पंधराव्या वर्षी लग्न होऊन ती मळ्यात आली तेव्हा सासूनं पहिल्याच दिवशी तिला हे सांगून ठेवलं होतं. पुढं सासू गेली, सासरा गेला, नवराही गेला. रीत तेवढी धडधाकट राहिली.

मळा गंगापूर धरणाच्या अंगाला, गावापासून अर्धा कोस आत. मधून नाला वाहतो. भावाभावांच्या वाटण्या झाल्या तेव्हा कुणी भांडलं नाही, कुणी कोर्टात गेलं नाही. नाल्याअल्याडचं धाकट्याचं, पल्याडचं थोरल्याचं, एवढ्यावर काम मिटलं. थोरले पुंजाराम पल्याड पत्र्याचं घर बांधून राहिले. त्यांची बायको गोजराबाई मोठी बोलघेवडी होती. दोन्ही घरांचं बोलणं तीच नाल्याच्या काठावर उभी राहून ओरडून पार पाडायची. "अंबे, मेथी उपटायची तर आजच उपट म्हणत्यात, उद्या भाव पडंल!" असं तिनं ओरडायचं, आणि अंबूबाईनं इकडून ओरडून उत्तर द्यायचं. म्हणत्यात म्हणजे कोण म्हणत्यात, हे सांगायची गरजच नव्हती.

आठ वर्षांमागं अंबूबाईचा नवरा गेला. चार वर्षांमागं गोजराबाई गेली आणि नाल्यावरचं बोलणंच बंद झालं. पण माणसं काहीतरी वाट काढतात. थोरले नाल्यावर आले की कुत्र्याला सांगायचे, "उद्या पाण्याची पाळी आपली हाय म्हणावं." अंबूबाई वाफ्यात खाली मान घालून ऐकायची आणि उत्तर द्यायची ते हातातल्या खुरप्याला, "बरं हाय म्हणावं." पुढं बिबट्यानं ते कुत्रं नेलं. मग थोरले चंद्रीला सांगू लागले. चंद्री म्हणजे त्यांची म्हातारी गाय. भाकड झाली होती, पण थोरल्यांनी विकली नव्हती. तिला विकलं असतं तर बोलायचं कुणाशी?

अंबूबाईचा मुलगा भारत नाशिकला सातपूरच्या कारखान्यात कामाला होता. सिडकोत दोन खोल्या, बायको दीपमाला, एक मुलगी. दर महिन्या-दोन महिन्यानं तो मोटारसायकलवर यायचा आणि तेच तेच म्हणायचा.

"आई, चल आता. एकटी काय करतीस हितं? रात्री-अपरात्री काय झालं तर कोण हाय?"

"पल्याड हायेत की."

"ते सत्तरीचे. आन् तू त्यांच्याशी बोलत पण नाय."

"बोलायला कशाला पायजे? दिवा दिसतो ना त्यांचा."

भारत हसायचा. त्याला त्यातलं काही कळत नव्हतं. थोरल्यांच्या ओट्यावर एकच साठ वॅटचा पिवळा बल्ब होता, आणि थोरले विजेच्या बाबतीत पक्के चिकट. दिवेलागणीला बल्ब लावायचे, रेडिओवर सातच्या बातम्या ऐकायचे, बातम्या संपल्या की बंद. पहाटे पाचला पुन्हा लावायचे, उजाडलं की बंद. त्या लावण्या-मालवण्यात अंबूबाईला त्यांचा सगळा दिवस दिसायचा. संध्याकाळी बल्ब लागला की ती आपला लावायची आणि दोन्ही दिव्यांना एकदमच हात जोडायची. बंद झाला की म्हणायची, जेवले, झोपले. एकदा हिवाळ्यात पहाटे पाचला लागला नाही, सहाला लागला. दुपारी थोरले नाल्यावर खोकले तेव्हा तिला कळलं की ताप आला होता. तिनं चुलीवर काढा केला आणि भागीबाईच्या हातानं पाठवला. भागीबाई म्हणजे तिच्याकडे फुलं तोडायला येणारी बाई. दुसऱ्या दिवशी पहाटे पाचच्या ठोक्याला बल्ब लागला. यापेक्षा जास्त बोलणं कित्येक नवरा-बायकोत होत नसेल.

तर दोन हजार पाचच्या दिवाळीनंतर नाथा वायरमन मळ्यात आला. सायकलच्या कॅरिअरला खोकं बांधलेलं. खोक्यात ते वळ्यावळ्यांचे पांढरे बल्ब.

"मावशी, कंपनीची योजना हाय. चार घ्या. पैसे आत्ता द्यायचे नाय, बिलात थोडे थोडे येतील. हा अकराचा तुमच्या साठाएवढा उजेड देतो. जुना दोन तास जाळा, नायतर हा रातभर जाळा, बिल सारखंच."

"रातभर?"

"रातभर! आन् नुसतं तुमचं बिल नाय. तुम्ही कमी जाळलं का तिकडं एकलहऱ्याला कोळसा कमी लागतो. कोळसा कमी, धूर कमी. कागदावर लिवलंय सगळं."

अंबूबाईनं एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या चिमण्या नाशिकरोडला जाताना बसमधून पाहिल्या होत्या. "एवढाल्या त्या चिमण्या," ती म्हणाली, "माझ्या एका बल्बानं त्यांचा धूर कमी व्हायचा व्हय रं?"

"सगळ्यांनी लावला तर व्हईल ना!"

तिनं चार बल्ब घेतले. तीन आपल्याला ठेवले, चौथा नाथाच्या हातात परत दिला. कुत्रं नेल्यापासून तिच्या जिवाला घोर लागला होता. बिबट्या उसात होता, आणि थोरले सातला दिवा बंद करून उघड्या ओट्यावर झोपायचे. थंडी असो वा वारा, त्यांची बाज ओट्यावरच.

"हा पल्याड नेऊन लावून दे. रातभर ठेवा म्हणावं. उजेडाला बिबट्या येत नाय."

"तुम्ही दिला म्हणून सांगू?"

"नको. कंपनीनं दिला म्हण."

त्या संध्याकाळी पल्याड पांढराफटक उजेड पडला. अंबूबाईला तो दुधासारखा वाटला. दुसऱ्या दिवशी थोरले चंद्रीला पाणी पाजायला नाल्यावर आले आणि घसा खाकरून म्हणाले, "चंद्रे, बल्ब चांगला हाय म्हणावं. डोळ्यात घुसतो, पण चांगला हाय. आन् कंपनी काय फुकट देत नाय, ते आमालाबी कळतं म्हणावं."

अंबूबाई वाफ्यात बसल्या बसल्या पदराआड हसली. कितीतरी दिवसांनी हसली.

पण चार-सहा दिवसांत तिच्या ध्यानात आलं की काहीतरी हरवलंय. पल्याडचा दिवा आता लागत नव्हता आणि मालवतही नव्हता. नुसता असायचा. सातला असायचा, पाचला असायचा. थोरले झोपले की जागे आहेत, हे आता कशावरून कळायचं? उजाडल्यावरही ते बंद करायला विसरू लागले. बिल येतंच किती, मग घाई कसली. रोज सकाळी आठला लोडशेडिंग सुरू व्हायचं तेव्हा दिवा आपोआप जायचा. चारला लाईट यायची तेव्हा आपोआप लागायचा. अंबूबाई मनाची समजूत घालायची. दिवा आहे ना. दिवा आहे म्हणजे माणूस आहे.

मार्गशीर्ष लागला. दुसऱ्या गुरुवारच्या आधीचे दिवस. लक्ष्मीच्या गुरुवाराला नाशिकच्या फूलबाजारात झेंडूला आणि शेवंतीला जो भाव मिळतो तो वर्षात दोन-तीनदाच मिळतो. म्हणून मंगळवार-बुधवार म्हणजे अंबूबाईच्या मळ्यात कमरेचा काटा ढिला व्हायचे दिवस. थंडी अशी की पहाटे शेवंतीच्या पाकळ्यांवर दहिवर गोठल्यासारखं दिसे, बोटं बधिर होत, आणि देठ खुडताना नखाखाली हिरवा रस जाऊन चरचरत असे. पण फूल ओलं तोडलं तर करंडीत सडतं. म्हणून ऊन पडेपर्यंत थांबायचं आणि मग दुपारी टेम्पो येईस्तोवर मान वर करायची नाही.

मंगळवारी दुपारी चंद्री हंबरली. एकदा, दोनदा, मग मधूनमधून सारखीच.

"गाय का वरडती वो?" भागीबाईनं विचारलं.

"भुकेली आसंल. गवताला गेले आसतील."

संध्याकाळी दिवा होता. अंबूबाईनं आपला लावला, हात जोडले, भाकरी खाल्ली आणि अंग टाकलं. पाठ पार मोडून गेली होती.

बुधवारी सकाळी चंद्रीचा आवाज बसलेला होता. हंबरणं आता घोगरं येत होतं, थांबून थांबून येत होतं. भागीबाईनं हातातली फुलं ओंजळीतच धरून पल्याड पाहिलं.

"अंबूबाई, काल पुंजारामबुवा गायीला पाणी पाजाया नाय दिसले. आज बी नाय. जाऊन बघावं का?"

अंबूबाईनं पाहिलं. पत्र्याखाली दिवा पांढरा दिसत होता. अजून आठ वाजायचे होते.

"दिवा हाय ना," ती म्हणाली.

"दिवा हाय, पर..."

"टेम्पो दोनला यायचाय, भागे. अजून तीन वाफे राह्यलेत. हात चालव."

हे बोलली आणि तिनं पुन्हा एकदा पल्याड पाहिलं. पण बघावं म्हणजे काय करावं? तिथं जाऊन उभं राहावं कसं, आणि हाक मारावी ती कुणाच्या नावानं? थोरल्यांना तिनं कधी हाक मारलेलीच नव्हती. हाक मारायला तिच्याकडे त्यांचं काही नावच नव्हतं. भागीबाईला पाठवावं तर तेवढा वेळ एक हात कमी होणार. टेम्पो गेला की पाठवू, असं तिनं ठरवलं आणि पुन्हा वाकली.

टेम्पो दोनचा तीनला आला. करंड्या चढवल्या, दोऱ्या आवळल्या. भागीबाईला तिच्या वस्तीपर्यंत सोडतो म्हणून ड्रायव्हरनं पुढं बसवून घेतलं, आणि अंबूबाईही थकव्यात तिला थांबवायची विसरली. टेम्पो गेला तसा मळा एकदम सुनसान झाला. ती राहिलेल्या करंड्या धुवायला नाल्यावर आली. पाणी थंडगार होतं. पल्याड चंद्रीचा आवाजही आता थांबला होता. पत्र्याखाली सावली होती, अंधारी, आणि त्या सावलीत दिवा नव्हता. लोडशेडिंग होतं ना. चार वाजायला आले होते.

ती करंडी पालथी घालत होती. आणि तेवढ्यात मागं तिच्या घरातला रेडिओ एकदम बोलू लागला. सकाळी गाणी ऐकताना लाईट गेली होती, बटण तसंच राहिलेलं. रेडिओ बोलला आणि त्याच क्षणी, समोर, पल्याडच्या सावलीत तो बल्ब एकदोनदा फडफडला आणि लागला.

अंबूबाईच्या हातातली करंडी तशीच राहिली.

लाईट आली आणि दिवा लागला. कुणी लावला नव्हता. काल संध्याकाळीही असाच लागला असेल. परवाही. तिनं ज्याला हात जोडले, रात्रभर ज्याच्या भरवशावर ती झोपली, तो दिवा माणसाशिवाय जळत होता.

ती नाल्यात उतरली. गुडघाभर पाणी, गोल गुळगुळीत धोंडे, लुगडं भिजून पायाला गुंडाळलं. पल्याड चढली तेव्हा छाती भात्यासारखी वर-खाली होत होती. गोठ्यात चंद्री बसली होती. जीभ बाहेर, डोळे कोरडे, समोर रिकामी कुंडी. आणि अंगणात पाऊल टाकल्याबरोबर, काय सांगावं, अंबूबाईचा हात आपोआप डोक्याकडे गेला आणि तिनं पदर पुढं ओढला.

ओट्यावरची बाज रिकामी होती. बाजेचं तोंड रस्त्याकडे नव्हतं, नाल्याकडे होतं. घराचं दार अर्धं उघडं होतं. ती पायरीखाली उभी राहिली. काय म्हणावं ते सुचेना. शेवटी ती गोठ्याकडे तोंड करून मोठ्यानं म्हणाली, "चंद्रे, तुला पाणी नाय पाजलं का गं कोणी?"

आत काहीतरी खरखरलं. मग आवाज आला, सुकलेला, चिरका, ओळखू न येण्याजोगा.

"चंद्रे... भारतच्या आयला सांग... पाय मोडलाय म्हणावं."

अंबूबाईनं दार ढकललं.

थोरले उंबऱ्याच्या आत जमिनीवर पडले होते. एक पाय वेडावाकडा बाहेर वळलेला. धोतर ओलं होऊन वाळलेलं, पुन्हा ओलं झालेलं. कलंडलेला तांब्या हातापासून दोन वितींवर पडलेला. सोमवारी संध्याकाळी ते पाणी घ्यायला आत आले, उंबऱ्याला ठेचकाळले आणि खुब्यावर पडले, ते तिथंच. दोन रात्री आणि दोन दिवस. जमीन बर्फासारखी थंड होती. तिनं तांब्यात पाणी आणलं, त्यांची मान आपल्या मांडीवर घेतली आणि थेंब थेंब पाणी तोंडात सोडलं. पदर केव्हाच मागं पडला होता. तिनं पहिल्यांदाच त्यांचा चेहरा पाहिला. नाक तिच्या नवऱ्याचंच होतं. भुवया पण. आठ वर्षांनी तेच नाक समोर पाहून तिला हुंदका आला आणि तो तिनं आवरला नाही.

थोरल्यांनी पाणी गिळलं, डोळे मिटले आणि भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "चंद्रे, सांग तिला... तुला लय हाका मारल्या म्हणावं. तू ओ देत होतीस बिचारी."

म्हणजे ते हंबरणं ते होतं. दोन दिवस ह्या माणसानं हाका मारल्या त्या गायीच्या नावानं, कारण दुसऱ्या कुणाला हाक मारायची त्यांना रीत नव्हती. आणि गाय तिच्यापरीनं ओरडून सांगत होती. तेव्हा ही इकडे शेवंती खुडत होती.

"गायीला नका सांगू," अंबूबाई म्हणाली. तिला स्वतःचाच आवाज परका वाटला. "मला म्हणा. मी हितं हाय. मला म्हणा काय ते."

थोरल्यांनी डोळे उघडले. तिच्याकडे पाहिलं, मग वर, दाराशेजारच्या भिंतीवरच्या काळ्या बटणाकडे पाहिलं. बटणाखाली भिंतीवर बोटांचे ओरखडे उमटले होते. उंच उंच जायचा प्रयत्न केलेले, हातभर अंतरावर संपलेले.

"बटण गवसंना," ते म्हणाले. "दोन राती. बंद झाला आसता तर... तू आली आसती."

तिनं त्यांच्या अंगावर गोधडी घातली, चंद्रीच्या कुंडीत दोन बादल्या ओतल्या आणि ओल्या लुगड्यानं डांबरी रस्त्यापर्यंत पळत गेली. साठीची बाई पळतेय म्हणून एक जीपवाला थांबला. चौफुलीच्या किराणा दुकानातून भारतला फोन लावला. दिवस मावळायच्या आत थोरले त्याच जीपमधून नाशिकच्या सरकारी दवाखान्यात पोचले.

खुबा मोडला होता. सळई घातली. बारा दिवस दवाखान्यात ठेवलं. अंबूबाई दोनदा गेली, पण वॉर्डात लोक होते, भारत होता, थोरल्यांची लेक रूपाली घोटीहून आली होती. अंबूबाई दाराच्या आडोशाला पदर घेऊन उभी राहिली. थोरले आतून भारतला म्हणाले, "तुझ्या आयला सांग, चंद्रीला ऊस नको घालू म्हणावं, पोट फुगतं तिचं." अंबूबाईनं दाराआडून मान हलवली. मळ्यात त्या दिवशी जे बोलणं झालं ते झालं. दोघांनीही ते कुणाला सांगितलं नाही आणि पुन्हा त्याच्या वाटेला गेली नाहीत.

मग रूपालीनं वडिलांना घोटीला नेलं. तिचा नवरा भाताच्या गिरणीत कामाला, घरी माणसं, घरातच संडास. मळ्यात आता ते एकटे राहू शकत नव्हते, हे सगळ्यांना कळत होतं. रूपालीनं घाईघाईत घराला कुलूप घातलं, चार भांडी उचलली आणि गेली. ओट्यावरच्या बल्बाचं बटण घराच्या आत होतं. ते चालूच राहिलं.

त्यानंतरचे दिवस अंबूबाईला जड गेले. रोज दुपारी चारला लाईट यायची आणि पल्याड रिकाम्या घरापुढं दिवा लागायचा. अंधार पडला की तो नाल्यापर्यंत पांढरा पसरायचा. लांबून बघणाऱ्याला वाटावं, तिथं कुणी राहतं. अंबूबाईनं हात जोडायचं सोडून दिलं. दिवेलागणीला ती नाल्याकडे पाठ करून बसू लागली. चंद्रीला तिनं आपल्या गोठ्यात आणलं होतं. तीही संध्याकाळी मान वळवून तिकडंच बघत राहायची, आणि अंबूबाई तिच्यावर खेकसायची, "काय बघती? कोण नाय तिथं."

भागीबाई म्हणाली, "नाथाला सांगा, तार तोडून टाकंल."

भारत म्हणाला, "आई, आता तरी चल. आता तर पल्याड पण कोणी नाय."

संक्रांत झाल्यावर येते, असं ती म्हणाली. शेवंतीचे जुने गड्डे उपटून टाकायचे होते, तेवढं करून. भारतला ते खरं वाटेना. पण तिनं लुगड्यांचं बोचकं बांधून खुंटीला लावून ठेवलं.

संक्रांतीनंतर चौथ्या दिवशी रूपाली आली. वाण म्हणून तिनं तिळगूळ आणि घोटीचा नवा इंद्रायणी तांदूळ आणला होता. चहा पिऊन झाल्यावर तिनं पिशवीतून किल्ली काढली आणि अंबूबाईसमोर ठेवली.

"काकू, आबांनी निरोप दिलाय. काकूला सांग म्हणावं, बटण बंद कर. दिवेलागणीला लावायचा, सातच्या बातम्या झाल्या का बंद करायचा. रातभर ठेवायचा नाय."

"अगं, पण तिथं राहतंय कोण?"

"मी तेच इचारलं. म्हणाले, तिला कळंल." रूपाली हसली, पण तिचे डोळे भरले होते. "काकू, ते तिकडं पण तसंच करत्यात. दिवेलागणीला खोलीतला दिवा लावायचा, आन् सातच्या बातम्या झाल्या का बंद. पोरं आभ्यासाला बसली तरी आयकत नाय. म्हणत्यात, मी झोपलो हे तिकडं कळाया पायजे. डोकं फिरलंय त्यांचं, असं म्हणतो आमी."

अंबूबाईनं किल्ली उचलली. थंड होती. ती बराच वेळ तिनं मुठीत धरून ठेवली.

रूपाली पाचच्या एसटीनं गेली. ऊन उतरलं तशी अंबूबाईनं आपल्या ओट्यावरचा बल्ब लावला, चंद्रीला चारा टाकला आणि नाल्यात उतरली. कुलूप गंजायला लागलं होतं, जरा झटकावं लागलं. आत कोंदट वास होता. भिंतीवर बोटांचे ते ओरखडे तसेच होते. तिनं बटण वर केलं आणि कित्येक दिवसांनी पल्याडचं घर अंधारलं. मग दिवेलागण झाली तशी तिनं तेच बटण पुन्हा खाली दाबलं आणि दिव्याला हात जोडले.

थोरल्यांचा रेडिओ फळीवर होता. तिनं तो लावला आणि बाजेच्या कडेला टेकली. बाजेवरून समोर दुसरं काहीच दिसत नव्हतं. झाडं नाहीत, रस्ता नाही. फक्त नाला, आणि नाल्यापलीकडे तिचा ओटा, तिचा दिवा. दिव्याखाली तिची पाण्याची कळशी दिसत होती, दोरीवरचं लुगडं दिसत होतं. किती वर्षं त्यांना हे एवढंच दिसत होतं! कुणालाही वाटलं असतं की अंबूबाई आत भाकरी थापतेय. आणि अंबूबाई तर इथं बसली होती.

तिला एकदम थंडी वाजली. बातम्या सुरू झाल्या. ती शेवटपर्यंत ऐकत बसली, एक शब्द कळला नाही. संपल्या तसा तिनं रेडिओ बंद केला, बटण बंद केलं, कुलूप लावलं आणि अंधारात धोंडे चाचपत नाला ओलांडला. थंडीनं पाय बधिर झाले होते.

ओट्यावर येऊन तिनं पाय पुसले. खुंटीवरचं बोचकं काढलं, गाठ सोडली आणि लुगडी पुन्हा ट्रंकेत घातली. मग बाहेर आली. पल्याड अंधार होता, पूर्वीसारखा, सातनंतरचा. गोठ्यात चंद्री मान वळवून तिकडंच बघत होती. अंबूबाई तिच्याजवळ गेली, तिच्या कपाळावर हात ठेवला.

"झोपले गं," तिनं चंद्रीला सांगितलं.